पंधरा दिवसांत हरकत न आल्यास

दोन चिमटे आहेत, त्यातला कुठला ठेवावा आणि कुठला देऊन टाकावा, एवढ्यासाठी अर्धी सकाळ घालवणारी माणसं असतात. अशांनी निकालबाईंकडे शिकवणी लावायला हवी होती. निकालबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, ऑफिसातल्यांनी पाठीमागे ठेवलेलं. कधीतरी ते बाईंच्या कानावर गेलं, आणि राग येण्याऐवजी त्यांना आतून बरंच वाटलं.

एकतीस वर्षं बाई रेकॉर्ड रूममध्ये होत्या. तळघरातली लांबोडकी खोली, भिंतीला ओल, छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या आणि त्यांत दोरीने करकचून बांधलेले फायलींचे गठ्ठे. कुठली फाईल कायम ठेवायची, कुठली दहा वर्षं आणि कुठली फाडून पोत्यात भरायची, हे ठरवणं त्यांचं काम. आधीच्या साहेबांनी हे घोंगडं इतकं भिजत ठेवलं होतं की खोलीत अंग चोरून शिरावं लागे. बाईंनी दोन वर्षांत तिथे दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट केली. पद्धत साधी. जायच्या फायलींची यादी करायची, सूचनाफलकावर लावायची आणि खाली लिहायचं, ‘पंधरा दिवसांत हरकत न आल्यास वरील कागदपत्रे नष्ट करण्यात येतील. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही.’ सोळाव्या दिवशी पोती भरायची.

एकदा सोळाव्या दिवशी एक म्हातारी आली होती. तिच्या मुलाचा कसलासा दाखला त्या यादीतल्या फायलीत होता. पोतं अजून दारातच होतं, तोंड बांधलेलं. शिपाई दोरी सोडायला वाकलासुद्धा. बाई म्हणाल्या, “मुदत काल संपली.” शिपाई सरळ झाला. निवृत्त होताना निरोपाच्या भाषणात बाईंनी स्वतःच हा किस्सा सांगितला, शिस्त कशाला म्हणतात ते पटवून द्यायला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा यायचा होता, टाळ्या वाजवण्यावाचून लोक दुसरं काय करणार?

घरी मात्र बाईंच्या वाट्याला वेगळाच माणूस आला होता. त्यांचे यजमान छापखान्यात जुळारी होते. म्हणजे शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, ते एकेक उचलून ओळ जुळवायची. उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचत. भल्याभल्यांच्या चुका काढत. पण छापखान्याबाहेर आले की तोंडात एकच वाक्य, “हरकत नाही.” घर कुठलं घ्यायचं? हरकत नाही. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं? तू म्हणशील तिथे, हरकत नाही. त्यांच्या सख्ख्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी कागद पुढे केला, तेव्हा लेक भिंतीकडे बघत उभा राहिला आणि सही सुनेने केली. म्हातारी त्या ऑपरेशनातून उठली नाही. जुळारी त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सगळे निर्णय एकटीने घेतले की चुकाही एकटीच्याच होतात, आणि त्या छत्तीस वर्षं एकटीनेच वाहायच्या म्हणजे खांद्याची काय गत होते ते बाईंना विचारा.

तर बाईंचा राग होता तो हा. नवरा वाईट नव्हता हो. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, ताटातल्या भाजीला नाव ठेवलं नाही. पण एकदा तरी या माणसाने ‘नाही’ म्हणावं, माझ्या पुढ्यात ठाम उभं राहावं, एवढीच बाईंची इच्छा होती आणि ती काही पुरी होत नव्हती. एकदा सायकलवरून येताना जुळारी कोपऱ्यावर घसरले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. संध्याकाळपर्यंत बाईंनी सायकल ऑफिसातल्या शिपायाला देऊन टाकली. एक घाव दोन तुकडे. जुळारी म्हणाले, “हरकत नाही,” आणि पुढची नऊ वर्षं छापखान्यात पायी गेले. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस.

छापखाना बंद पडला तेव्हा कामगारांनी एकेक वस्तू आठवण म्हणून उचलली. कुणी घड्याळ नेलं, कुणी खुर्ची. जुळाऱ्यांनी आणली खिळ्यांची केस. आडवा, उथळ, मोठा लाकडी खण. त्याला लहानमोठी शंभरावर घरं, प्रत्येक घरात एका अक्षराचे खिळे. दोन हमाल लावून ती तिसऱ्या मजल्यावर चढवली. बाई म्हणाल्या, “अहो, हे काय धूड आणलंत? याचं करायचं काय?”

“राहू दे,” जुळारी म्हणाले.

सबंध संसारात त्यांनी काहीतरी ‘राहू दे’ म्हटलं ते एवढंच. मागच्या खोलीत खिडकीखाली एका बाकड्यावर ती केस चौदा वर्षं राहिली. बाई रविवारी तिच्यावरून फडकं मारत आणि मनातल्या मनात म्हणत, कायमची फाईल झालीये ही.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी बाईंनी घर बदलायचं ठरवलं. कारण होतं. जुळारी जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरत, पायरी संपली तरी पाय पुढे चाचपत. बाईंनी ताडलं, गुडघे गेले. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर, “अगं, वयच आहे.” मग बाईंनीच मार्ग काढला. लेकीच्या घराजवळ तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. हे मोठं घर द्यायचं, ते लहान घ्यायचं, जिन्याची कटकटच नको. कागद झाले, सह्या झाल्या. जुळाऱ्यांनी बाईंनी बोट ठेवलं तिथे सही केली. “वाचा तरी,” बाई म्हणाल्या. “तू वाचलंयस ना,” ते म्हणाले. नव्या घराला बाई चार वेळा जाऊन आल्या, टेपने कपाटाची जागा मोजून आल्या. जुळारी एकदाही आले नाहीत.

आता तिसऱ्या मजल्यावरचं छत्तीस वर्षांचं सामान दोन खोल्यांत मावायचं नव्हतं. बाईंनी बाह्या सरसावल्या. आणि इथे त्यांच्या डोक्यात आलं की घरातही सूचना लावायची. ऑफिसच्याच पद्धतीने, आखीव कागदावर, त्या ठसठशीत सुवाच्य अक्षरात. शिलाई मशिनचा मोडका पाय. दोन पंखे, एक फिरत नसलेला आणि एक फिरताना ओरडणारा. सासूबाईंची लोखंडी खाट. झाकण नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं. लेकीच्या शाळेच्या वह्या. बाविसाव्या क्रमांकापर्यंत यादी आली आणि पेन थांबलं.

मग बाईंनी लिहिलं, ‘२३. लाकडी केस, खिळ्यांसह.’

केस नव्या घरात मावली असती. पलंगाच्या पायथ्याशी जागा होती, बाईंनी मोजली होती. तरीही त्यांनी तो क्रमांक घातला, आणि तो का घातला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चाळीसेक किलोचं शिसं त्यांना नको होतं असं नाही. त्यांना एक हरकत हवी होती. जिवाभावाची एवढी एकच वस्तू या माणसाकडे उरलीये, निदान तिच्यासाठी तरी तो तोंड उघडेल. “ही केस जाणार नाही,” असं म्हणेल. म्हणाला की बाई तेविसावा क्रमांक खोडणार होत्या, खुशीने खोडणार होत्या, आणि वर दोन शब्द ऐकवणार होत्या, “बोलता येतं की तुम्हाला!”

खाली नेहमीच्या दोन ओळी लिहिल्या. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास वगैरे. दुसरी ओळ लिहिताना हात जरासा अडखळला, पण सूचना ती सूचना. कागद स्वयंपाकघराच्या दाराला बरोबर जुळाऱ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला.

“अहो, यादी लावलीये. नीट वाचा. काही हरकत असेल तर सांगा.”

“बरं,” जुळारी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी ते दारापाशी गेले. हात पाठीमागे बांधून, मान किंचित वर करून कागदासमोर मिनिटभर उभे राहिले. छापखान्यात मुद्रितं तपासताना उभे राहत अगदी तसे. बाई शेगडीपाशी श्वास रोखून उभ्या.

“मोठी यादी आहे,” ते म्हणाले आणि चहा घेऊन बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. रोज सकाळी ते न चुकता कागदासमोर उभे राहत आणि रोज काहीच बोलत नसत. बाईंचा जीव टांगणीला. मध्ये लेकीने मोबाइलवर यादीचा फोटो मागवला. तिला तिच्या वह्यांची काळजी. तासाभरात तिचा फोन आला.

“आई, वह्या काढ, मी घेऊन जाते. आणि बाबांची केस कशाला घातलीस त्यात?”

“वह्यांबद्दलची हरकत मंजूर. केसबद्दल त्यांनी बोलावं.”

“ते कधी बोलतात का? मी विचारते त्यांना.”

“तू मध्ये पडायचं नाहीस,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटलं त्यापेक्षा कडक निघाला. “मी सांगून ठेवते. ज्याची वस्तू त्याने बोलायचं.”

लेक आईला ओळखून होती. ती गप्प बसली. तिचंही चुकलंच, पण या घरात आईपुढे कोण कधी बोललंय?

दहाव्या दिवशी बाईंनी मुद्दाम विचारलं, “यादी वाचलीत ना पूर्ण? शेवटपर्यंत?”

“वाचली की.”

“मग?”

“हरकत नाही.”

बाईंनी हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. जुळाऱ्यांनी दचकून आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि विचारलं, “काय पडलं?” त्या दिवशी बाईंनी त्यांना पेपर वाचून दाखवला नाही. हा एक रिवाज अलीकडे पडला होता. “तू वाच, तुझ्या आवाजात बरं वाटतं,” असं ते म्हणत, आणि बाईंना ते लाडाचं वाटे. या वयात का होईना, थोडा लाड. चष्माही ते हल्ली लावत नसत. नाकावर घाम येतो म्हणत. बाई हे सगळं बघत होत्या. पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. एकतीस वर्षं ज्यांनी कागदाचा रंग बघून साल सांगितलं, त्यांना समोरच्या ताटातलं मीठ दोनदा घेणारा माणूस दिसला नाही. दिसला, पण त्यांनी त्याचाही निकाल लावून टाकला होता. म्हातारपण, आळस, आणि मूग गिळून बसायची जुनी खोड.

एका दुपारी बाई अचानक घरी परतल्या, तेव्हा जुळारी मागच्या खोलीत केससमोर बसलेले. डोळे मिटलेले, दोन्ही हात खिळ्यांत. बाईंना वाटलं, डुलकी लागलीये. “झोपायचं तर पलंगावर झोपा,” त्या म्हणाल्या. जुळाऱ्यांनी घाईघाईने हात बाहेर काढले. खिळे खळकन खणात पडले.

पंधरावा दिवस गेला. सोळाव्या दिवशी सकाळी दहाला भंगारवाला आला.

बाईंनी त्याला पंखे दिले, खाट दिली, डबे दिले. मग मागच्या खोलीत नेलं. तो एकटा होता, केस उचलेना. म्हणाला, “बाई, आधी रिकामी करतो.” त्याने पोतं पसरलं, केस बाकड्यावरून तिरकी केली आणि चौदा वर्षं आपापल्या घरात बसलेली अक्षरं एकदम पोत्यात ओतली. आवाज मोठा झाला. शिशाचा असतो तसा जड आवाज.

बाहेरच्या खोलीतून जुळारी आले. दाराच्या चौकटीला हात धरून उभे राहिले.

“काय ओतताय?” त्यांनी विचारलं.

“यादीतला शेवटचा नंबर,” बाई म्हणाल्या. त्यांनी वळून सरळ नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मनात म्हणाल्या, आता तरी. मुदत गेली तरी चालेल, आता तरी बोला. पोत्याचं तोंड अजून उघडं आहे.

जुळाऱ्यांच्या तोंडाची हालचाल झाली. ओठ उघडले, मिटले. हात चौकटीवरून खाली आला.

“अच्छा,” ते म्हणाले. “यादीत होतं होय.” आणि भिंतीला धरून परत बाहेर गेले.

बाईंनी भंगारवाल्याला सांगितलं, “बांध. ने.” त्यांना इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं. छत्तीस वर्षं. एवढंही नाही. स्वतःच्या आतड्याचं पोतं बांधून नेलं तरी हा माणूस अच्छा म्हणणार.

दुपारी दोनच्या सुमारास बाई मागची खोली झाडायला गेल्या. दुसऱ्या दिवशी नऊला टेम्पो येणार होता आणि घर झाडून द्यायचं हा त्यांचा नेम. बाकड्याखालून कुंच्याला एक छोटी बाटली लागली. प्लास्टिकची, थेंब टाकायच्या टोकाची. केसमधून सांडली असणार. बाईंनी सवयीने आधी तारीख बघितली. मागच्या महिन्याची. मग औषधाच्या दुकानाची चिठ्ठी बघितली, तिच्यावर जुळाऱ्यांचं नाव. खाली लिहिलेलं, दोन्ही डोळ्यांत, दिवसातून दोनदा, बंद करू नये.

बाई तिथेच बाकड्यावर बसल्या. मग उठल्या, स्वयंपाकघराच्या दारावरची यादी काढली आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. जुळारी खुर्चीत बसले होते. बाईंनी कागद त्यांच्या समोर धरला. कोरी बाजू त्यांच्याकडे करून.

“अहो, यात काही राहिलं का बघा,” त्या म्हणाल्या.

जुळाऱ्यांनी मान किंचित वर केली. मिनिटभर कोऱ्या कागदाकडे बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “सगळं आलंय. हरकत नाही.”

बाईंनी कागद खाली ठेवला. पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरल्या. साठीची बाई भर उन्हात रस्त्याने जवळजवळ पळत गेली. भंगारवाल्याच्या गोदामात एरवी शिशाच्या जुन्या बॅटऱ्यांचा ढीग असे, तो आता नव्हता. तो म्हणाला, “शिशाची गाडी एकला गेली, बाई. भट्टीवर. ते पोतं त्यातच टाकलं.” बाईंनी विचारलं, भट्टी कुठे? त्याने सांगितलं, इथून चार तास, आणि आता तिथे जाऊन काय शोधणार, पोती फोडून एकत्रच ओततात. मग बाईंचा चेहरा बघून तो आत गेला आणि कोपऱ्यातून केस घेऊन आला. “हे लाकूड आहे. हे न्या हवं तर.”

बाई ती रिकामी केस डोक्यावर धरून तीन मजले चढल्या. मध्ये दोनदा थांबल्या. घरात येऊन त्यांनी ती जुळाऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

जुळाऱ्यांचे हात लगेच आत गेले. पहिल्या घरात, दुसऱ्या, मग खालच्या रांगेत. बोटं प्रत्येक घराच्या तळाला टेकून वर येत होती. सगळी घरं होईपर्यंत ते थांबले नाहीत.

“रिकामी आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?” बाईंनी विचारलं. त्या खाली जमिनीवर बसल्या होत्या.

जुळाऱ्यांना प्रश्न कळला. “तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, गेलेलं येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकेल. फारसं टिकलं नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. आता त्या नळीतही धुकं.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू निकाल लावला असतास.” हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, म्हणूनच ते बाईंना सहन होईना. “सायकलीचा लावलास तसा. जिना बंद, कोपऱ्यावर जाणं बंद, चहा करणं बंद. तुझं चुकलं नसतं. पण मग मी नुसता एका खुर्चीत राहिलो असतो. म्हटलं, जितके दिवस कळत नाही तितके दिवस माझे.”

“आणि यादी? रोज उभे राहायचात तिच्यासमोर.”

“वाचतोय असं वाटायला हवं ना तुला.”

“सकाळी तरी बोलायचं. तो ओतत होता तेव्हा. मी वाट बघत होते,” बाई म्हणाल्या. “मी फक्त तुम्ही नाही म्हणायची वाट बघत होते.”

“कुठल्या तोंडाने म्हणू? पंधरा दिवस वाचली म्हणून सांगत होतो. केस राहू दे म्हटलं असतं तर आधी, वाचली नाही, हे सांगावं लागलं असतं.” त्यांची बोटं रिकाम्या घरांतून फिरतच होती. “दुपारी तू नसायचीस तेव्हा जुळवत बसायचो. खिळा बोटाला वाचता येतो. डोळे लागत नाहीत त्याला. तुला सांगायचं असायचं ते एकेक ओळ जुळवायचो. मग परत आपापल्या घरात टाकून द्यायचो.”

“काय सांगायचं असायचं?”

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

“परवा जुळवलं होतं, हे घर सोडायचं नाही,” ते म्हणाले. “इथे मला सगळं दिसतं. पलंगापासून दार नऊ पावलं. न्हाणीघराचा उंबरा. जिन्याच्या सतरा पायऱ्या, वळण, मग परत सतरा. भिंतीचा रंग कुठे उडालाय ते हाताला ठाऊक आहे. तिथे मी आंधळा होणार. माझी हरकत आहे.”

झालं. छत्तीस वर्षं जे ऐकायला बाई आसुसल्या होत्या ते ऐकून झालं. समोर दोरीने बांधलेली खोकी रचलेली होती, त्यांच्यावर बाईंच्याच अक्षरात क्रमांक. या घराच्या किल्लीचा एक जोड नव्या माणसांकडे गेला होता. परवा ती पडद्यांची मापं घेऊन गेली होती, लहान मुलगी मागच्या खोलीत धावत जाऊन ‘ही माझी’ म्हणाली होती. त्यांनी त्यांचं जुनं घर रिकामं करून दिलं होतं. बाईंना हे सगळं तोंडपाठ होतं. तरी त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळं तपासलं, कुठे एखादी दोरी सैल आहे का. नव्हती. सगळ्या गाठी त्यांनी स्वतः मारल्या होत्या आणि त्यांच्या गाठी सुटत नसत.

“ती यादी वाचून दाखव,” जुळारी म्हणाले. “पंधरा दिवस तिच्यासमोर उभा होतो. काय होतं ते तरी कळू दे.”

बाईंनी कागद सुलटा केला आणि वाचला. मशिनचा पाय, पंखे, खाट. आईच्या खाटेपाशी जुळाऱ्यांनी मान हलवली. बाई वाचत गेल्या. तेविसाव्या क्रमांकापर्यंत आल्या, तोही वाचला. मग पहिली ओळ वाचली, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास. आणि कागदाची घडी घातली.

“खाली आणखी एक ओळ असणार,” जुळारी म्हणाले. जन्मभर सूचना जुळवलेला माणूस तो. “सूचनेला असते.”

बाईंनी घडी उघडली.

“मुदतीनंतर आलेली हरकत,” त्यांनी वाचलं. पुढचं वाचायला त्यांना दोनदा सुरुवात करावी लागली. “विचारात घेतली जाणार नाही.”

जुळाऱ्यांनी केस मांडीवरून उचलून खाली ठेवली, खुर्चीला अडखळणार नाही अशी भिंतीलगत.

“टेम्पो किती वाजता येणार?”

“नऊला.”

“हरकत नाही,” ते म्हणाले.